राजदंडाने टाकलेला गिअर

आठसाहेबांच्या मोटरसायकलचा गिअर टाकताना ‘खट्’ असा आवाज यायचा. एके दिवशी तो ‘खुळुक’ असा आला.

दुसरा कुणी असता तर शीळ वाजवत पुढे गेला असता. पण साहेब वाहन परवाना कार्यालयात परीक्षक होते. मैदानावर चुन्याने इंग्रजी आठचा आकडा काढायचा, नवशिक्यांना त्यावरून गाडी फिरवायला लावायची आणि पाय जमिनीला टेकला रे टेकला की ‘नापास’ म्हणायचं, हे त्यांचं काम. त्यावरूनच गावाने त्यांना आठसाहेब हे नाव ठेवलं होतं. ते त्यांना माहीत नाही असं गावाला वाटे, आणि ते आपल्याला आवडतं हे गावाला माहीत नाही असं साहेबांना वाटे. अशा माणसाच्या गाडीने ‘खुळुक’ म्हणावं, म्हणजे दातांच्या डॉक्टरचीच कवळी भर सभेत निसटावी.

साहेब इमारतीच्या अंगणात गाडीपाशी उकिडवे बसले. पायापाशी असलेल्या गिअरच्या पट्टीपासून इंजिनाकडे एक बारीकशी दांडी जात होती. पायाने पट्टी हलवायची, पट्टीने दांडी हलवायची, दांडीने इंजिनातून बाहेर डोकावणारा एक आखूड खटका हलवायचा आणि मग आत कुठेतरी गिअर पडायचा. साहेबांच्या कार्यालयातही कामं अशीच व्हायची, म्हणून त्यांना ही रचना लगेच समजली. दांडी आणि खटका यांना जोडणारा बोल्ट झिजून झिजून पार सैल झाला होता, हेही दिसलं.

इमारतीत कुणी आजारी पडलं तर दोन दिवस कळत नसे, पण अंगणात कुणी उकिडवं बसलं की माणसं गोळा होत. पहिले उतरले ते वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर.

“ऑइल बदला,” ते गाडीकडे न बघताच म्हणाले. “सगळ्या तक्रारींचं मूळ पोटात असतं.”

“काका, बोल्ट सैल झालाय.”

“तो पोटामुळेच.”

मागोमाग समोरच्या दारातले बँकेतले कॅशियर आले. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि आवाज खाली आणून विचारलं, “विकायचा विचार आहे का?” त्यांचा स्वभावच तसा होता. मागे साहेबांच्या सासूबाई पाय मुरगळून अंथरुणावर होत्या, तेव्हा ते त्यांच्या चाकाच्या खुर्चीबद्दलही असंच विचारून गेले होते.

“कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे न्या ना,” दोघं एकदमच म्हणाले.

इथेच सगळं घोडं अडलं होतं. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला साहेबांनी तीनदा नापास केलं होतं. त्याला गाडी येत नव्हती असं नाही. तो एका हाताने आठ काढायचा आणि दुसऱ्या हाताने केस विंचरायचा, आणि साहेबांनी नेमकं त्यासाठीच त्याला घरी पाठवलं होतं. आता त्याच्या दारात जाऊन ‘जरा बघता का’ म्हणायचं? तो बघेल, हसेल, खिशातून कंगवा काढेल. नको. त्यापेक्षा गाडीने जन्मभर खुळुक केलेलं परवडलं.

साहेब जिना चढून घरी आले, आणि पुढच्या खोलीत त्यांना त्यांचा बोल्ट दिसला.

तो वहिनींच्या शिलाई मशीनला लावलेला होता. (साहेबांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणे, आपणही तेच म्हणू.) मशीनखालच्या पायट्यापासून चाकाकडे एक दांडी जाते, तिच्या टोकाला तो होता. इथेही पाय, इथेही दांडी, इथेही फिरणारं चाक. मशीन म्हणजे एका जागी उभी असलेली मोटरसायकलच की! साहेबांना आपल्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं. वहिनी बाजारात गेल्या होत्या. साहेबांनी बोल्ट काढला, त्या जागी सुतळीचे चार वेढे घट्ट मारले आणि मनाशी म्हणाले, ‘तात्पुरतं.’ हा शब्द त्यांच्या कार्यालयात फार पवित्र मानला जाई. तिथला लाकडी जिना तात्पुरता होता, आणि साहेब नोकरीला लागले तेव्हाही तो तात्पुरताच होता.

बोल्ट गाडीच्या भोकात सहज जाईना. हातोडीने समजूत घातल्यावर गेला. गिअर ‘खट्’ म्हणाला. साहेबांनी इमारतीला एक चक्कर मारली आणि कंपाउंडरांच्या खिडकीखाली मुद्दाम दोनदा गिअर बदलला.

आता वहिनींचं सांगायला हवं. इतकी वर्षं त्या पडदे, अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवत आल्या होत्या. त्यांच्या हातात कला आहे हे सगळे म्हणत, आणि म्हणून झाल्यावर उशीचे अभ्रे टाकून जात. पण या खेपेला एका नाटक कंपनीच्या मालकीणबाईंनी त्यांना राजाचा झगा शिवायला दिला होता. जांभळा मखमली झगा, जरीची किनार, कमरेला वेणीसारखा विणलेला लांब गोफ आणि त्याच्या टोकांना गोंडे. उरलेली मखमल राजदंडाच्या मुठीवर चढवायची, म्हणून राजदंडही घरीच आला होता. मालकीणबाई एक वाक्य बोलून गेल्या होत्या. “रविवारी पहिला प्रयोग. झगा वेळेवर आला आणि अंगावर नीट बसला, तर पुढचं सगळं काम तुमचं.”

रविवारी सकाळी कंपनीचा टेंपो इमारतीखाली येऊन भोंगा वाजवत होता. किनारीची शेवटची शिवण राहिली होती. वहिनींनी पायटा दाबला, सुतळी तुटली आणि मशीनचं चाक जागच्या जागी थांबलं.

वहिनी खाली वाकल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांत सुतळीचा तुकडा होता.

“अहो.”

साहेबांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

“अहो, मशीनचा बोल्ट कुठाय?”

“तो… जरा कामावर गेलाय.”

टेंपोवाल्याला नेपथ्य वेळेवर पोचवायचं होतं. तो थांबला नाही. वहिनींनी वादात एक क्षण घालवला नाही. डाव्या हाताने चाक फिरवत आणि उजव्या हाताने मखमल सरकवत त्यांनी किनार पुरी केली. तोवर दुपार झाली होती. तिसऱ्या प्रहरी शेजारच्या गावात पडदा उघडणार होता, आणि रविवारची बस केव्हाच गेली होती.

“चला,” वहिनी झगा पिशवीत घालत म्हणाल्या. “गाडी काढा. बोल्ट तिच्यातच आहे ना? मग तोच मला पोचवील.”

गाव मागे पडलं. गाडी चौथ्या गिअरमध्ये झकास धावत होती. पाठीमागे वहिनी पिशवी पोटाशी आणि राजदंड बगलेत धरून बसल्या होत्या. साहेबांना वाटलं, रागही निवळला असावा. ते काहीतरी गोड बोलणार होते. तेवढ्यात वळण आलं, त्यांनी खालच्या गिअरसाठी पट्टी दाबली आणि पाय हवेत गेला. पट्टी झोपलेल्या माणसाच्या हातासारखी लोंबत होती. चौथ्या गिअरमध्ये गाडीचा वेग उतरत गेला, इंजिन थरथरलं, दोनदा उचकी देऊन बंद पडलं आणि साहेबांनी दोन्ही पाय जमिनीला टेकले.

नेमकं तेव्हाच दूध कंपनीची गाडी बाजूने गेली. तिच्या चालकाने महिन्यापूर्वीच मोटरसायकलच्या परीक्षेत आठच्या आकड्यावर पाय टेकला होता. त्याने वेग कमी केला, खिडकीतून मान काढली आणि अगदी हळहळून म्हणाला, “साहेब, पाय टेकला तुमचा!” आणि निघून गेला.

बोल्ट हरवला होता. साहेब वळणापर्यंत रांगत जाऊन आले. त्यांना एक खिळा, एक गुंडी आणि चमच्याचा दांडा सापडला. मग त्यांनी इंजिनाच्या खटक्याला हात घातला, ‘हाय’ म्हणून काढून घेतला, रुमाल गुंडाळून पुन्हा घातला. खटका हलत होता! खाली दाबला की खालचा गिअर, वर ओढला की वरचा. पण तो इतका आत होता की बुटाचा पाय तिथे शिरेना. साहेबांनी गाडी सुरू केली आणि एका हाताने हँडल धरून, दुसऱ्याने वाकून खटका ओढत निघण्याचा प्रयोग केला. गाडी सरळ रस्त्यावर अतिशय सुबक असा अर्धा आठ काढून गवतात गेली.

गवतातून बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, “खटक्याला दोरी बांधू. मी मागून ओढते.”

“आणि खाली दाबायचं असेल तेव्हा?”

वहिनींनी बगलेतल्या राजदंडाकडे पाहिलं. तो चांगला हातभर लांब, भक्कम लाकडाचा आणि टोकाला पितळी टोपण लावलेला होता.

“छे, छे! गिअर तू टाकणार?”

“का? तुम्ही मला दोनदा नापास केलंत म्हणून?”

साहेबांनी केलं होतं खरं. पहिल्यांदा पाय टेकला म्हणून आणि दुसऱ्यांदा पाय टेकला नाही म्हणून. घरच्या माणसाला पास केलं तर लोक काय म्हणतील, ही त्यांची अडचण होती. ते त्यांनी तेव्हा घरीही समजावून सांगितलं होतं, आणि नंतर आठवडाभर स्वतःचा चहा स्वतः केला होता.

दोरी नव्हती. वहिनींनी झग्याचा गोफ काढला, क्षणभर हातात धरला आणि त्याचं एक टोक खटक्याला पक्कं बांधलं. गोंड्याला तेल लागू नये म्हणून तो रुमालात गुंडाळला. मग दोन्ही बाजूंना पाय टाकून त्या मागे बसल्या. डाव्या हातात गोफ, उजव्या हातात राजदंड, झग्याची पिशवी दोघांच्या मध्ये.

“मी ‘दुसरा’ म्हटलं की ओढ,” साहेब म्हणाले.

पहिला गिअर राजदंडाने पडला. गाडी निघाली.

“दुसरा!”

इंजिनातून घाण्यात दगड गेल्यासारखा आवाज आला.

“अगं, मी क्लच दाबल्यावर ओढायचं!”

“मग आधी दाबत जा ना!”

“दाबणारच होतो!”

“मनात दाबून मला कसं कळणार?”

दुसरा पडला. तिसऱ्याच्या वेळी साहेब म्हणाले ‘तिसरा’, वहिनींना ऐकू आलं ‘जरासा’, म्हणून त्यांनी जरासाच ओढला. गाडी बिनागिअरची होऊन रडल्यासारखी ओरडली. रस्त्याकडेच्या शेतातली दोन माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. पण वहिनी हुशार. त्यांचं सगळं आयुष्य मशीनच्या आवाजात गेलेलं. थोड्याच वेळात त्यांना कळलं की गाडीही मशीनसारखी बोलते. दाटून आली की खालचा हवा असतो, किंचाळायला लागली की वरचा. त्यांनी साहेबांच्या हुकमाची वाट बघणं सोडून दिलं.

“क्लच!” वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी दाबला. गोफ ओढला गेला, तिसरा अलगद पडला.

“सोडा!”

साहेबांनी सोडला. गाडी सुरेख पळायला लागली. पाठीमागून हसण्याचा आवाज आला. साहेबांनी आरशात पाहिलं. वहिनी खरंच हसत होत्या, आणि राजदंड खांद्याला लावून बसलेल्या त्या साक्षात महाराणी दिसत होत्या. इतका वेळ साहेबांची इज्जत त्या वळणावरच्या गवतात पडली होती. ती आणायला मागे जावं असं त्यांना आता वाटेना.

शेजारच्या गावाच्या तोंडाशी चौकात एक वाहतूक हवालदार उभा होता. त्याने एका बाईला चालत्या गाडीच्या इंजिनात काठी खुपसताना पाहिलं आणि शिटी फुंकली.

“हे काय हत्यार आहे?”

“राजदंड आहे,” वहिनी म्हणाल्या.

“कुठल्या राजाचा?”

“नाटकातल्या.”

हवालदार गाडीभोवती फिरला. गोफ पाहिला, गोंडा पाहिला. मग साहेबांकडे पाहिलं आणि एकदम ताठ झाला. “अरे! तुम्ही आठसाहेब ना? परवाना कार्यालयातले? मग तुम्हीच सांगा साहेब, गिअर मागे बसलेल्या माणसाने टाकावा, हे चालतं का?”

साहेबांनी घसा साफ केला. सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते आणि आजवर ते सगळे दुसऱ्यांसाठी होते. “वाहनावर चालकाचा ताबा हवा,” ते म्हणाले.

“तुमचा आहे?”

साहेबांनी आरशात पाहिलं. “आमचा आहे,” ते म्हणाले.

“आणि परवाना?”

“माझ्याकडे आहे.”

“बाईंकडे?”

“त्यांची परीक्षा…” साहेब अडखळले. “चालू आहे.”

हवालदाराने डोक्यावरची टोपी मागे सारली आणि बराच विचार केला. अशा गुन्ह्याला कुठला रकाना लागतो, हे त्याला आठवेना. लिहायचं तर काय लिहायचं? वरिष्ठांनी वाचलं तर त्यालाच वैद्यकीय तपासणीला पाठवायचे. शेवटी त्याने विचारलं, “नाटक किती वाजता?”

“आत्ताच!” वहिनी म्हणाल्या.

“मग थांबलात कशाला?” असं खेकसून त्याने हात आडवा केला आणि अख्खा चौक अडवला. मोटारी थांबल्या, हातगाड्या थांबल्या. त्या शांततेत वहिनींनी राजदंड खाली दाबला, पहिला पडला, आणि आठसाहेब सपत्नीक चौक ओलांडून गेले. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

नाट्यगृहात प्रेक्षक पाय आपटत होते. पडद्यामागे महाराज बनियनवर, डोक्यावर मुकुट घालून सिंहासनावर बसले होते आणि मालकीणबाई त्यांच्यासमोर येरझारा घालत होत्या. वहिनींना पाहून त्यांनी नुसता हात पुढे केला. झगा महाराजांच्या अंगावर चढला आणि असा बसला, जणू ते तो घालूनच जन्माला आले होते. खटक्यापासून सोडवून आणलेला गोफ कमरेला बांधला, राजदंड हातात दिला आणि पडदा उघडला.

तेव्हा वहिनींनी आपले तळहात पाहिले. ते काळे होते. पिशवीतला रुमाल काढला, तोही काळा होता.

“अहो, राजदंड पुसायचा राहिला!”

विंगेत दोघं एकमेकांचा हात धरून उभे राहिले. पहिल्या प्रवेशात काही झालं नाही. दुसऱ्या प्रवेशात महाराजांना पुत्रवियोगाची बातमी कळली. त्यांनी राजदंड या हातातून त्या हातात घेतला, आणि डोळ्यांवरून, नाकाखालून हात फिरवून असा हुंदका दिला की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. हात बाजूला झाला. महाराजांना अर्धी मिशी फुटली होती.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मागची रांग हसली. मालकीणबाईंनी डोळे मिटले. वहिनींची बोटं साहेबांच्या मनगटात रुतली. प्रधानजी पुढे आले आणि कुजबुजले, पण कुजबुज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली, “महाराज, आपला हात काळा झालाय.”

महाराजांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. अख्खं नाट्यगृह थांबलं. महाराज जुने नट होते. त्यांनी तो हात प्रेक्षकांसमोर उंच धरला आणि गरजले, “प्रधानजी! राज्याचा गाडा ज्याला ओढायचा, त्याचे हात गोरे राहत नाहीत!”

छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. कुणी ‘वन्स मोअर’ ओरडलं, आणि महाराजांनी दुसऱ्यांदा म्हणताना उरलेली अर्धी मिशीही रंगवून घेतली.

नाटक संपल्यावर मालकीणबाई वहिनींसमोर येऊन उभ्या राहिल्या. झग्याची किनार त्यांनी बोटाने उलटून पाहिली. शिवण सरळ होती.

“प्रधानजींचा अंगरखा, राणीचं सगळं, सैनिकांचे आठ,” त्या म्हणाल्या. “आणि हो, ते काळं जे काही लावलंत, ते पुढच्या प्रयोगालाही लावून द्या.”

वहिनींनी बोटांवर हिशेब सुरू केला, म्हणून साहेबच बोलले. त्यांनी मालकीणबाईंना सगळा प्रवास सांगितला. वळण, गवत, गोफ, हवालदार, अगदी ‘पाय टेकला तुमचा’ सुद्धा. सांगताना ते इतके रंगले की महाराज मिशीसकट येऊन ऐकत बसले आणि नेपथ्य सोडवणारे सुतार हातोड्या खाली ठेवून भोवती जमले. साहेबांच्या गोष्टीला एवढे श्रोते आयुष्यात कधी मिळाले नव्हते. खरं तर त्यांच्याकडे गोष्टच कधी नव्हती.

सुतारांपैकी एकाने सिंहासनाच्या पायाचा बोल्ट काढून द्यायची तयारी दाखवली. “काही नाही होत, तात्पुरतं सुतळीने बांधू.” ‘नाही!’ असं साहेब आणि वहिनी एका आवाजात म्हणाले. मग त्याने खोक्यात हात घालून एक नवाकोरा बोल्ट शोधला, दांडी आणि खटका जोडले. साहेबांनी पायाने पट्टी दाबली. ‘खट्.’

परतताना ऊन उतरलं होतं आणि दोन्ही बाजूंची झाडं सोनेरी झाली होती. वहिनींच्या पिशवीत आता राणीचं माप आणि निळ्या मखमलीचा तागा होता. त्यांचे हात रिकामे होते. साहेबांचा पाय पट्टीवर होता, क्लच हातात होता, गाडी त्यांच्या एकट्याच्या ताब्यात होती. त्यांनी पहिला टाकला, गाडी हलली. इंजिन जरासं चढलं.

“क्लच,” मागून आवाज आला.

साहेबांनी दाबला.

“हं, दुसरा.”

साहेबांनी पायाने दुसरा टाकला. गाडी अलगद पुढे सरकली, धक्का म्हणून नाही. पुढे तिसराही तसाच पडला. वहिनींनी हनुवटी साहेबांच्या खांद्यावर टेकवली, इंजिनाकडे कान लावला आणि लांबवर पसरलेल्या सरळ रस्त्याकडे पाहिलं.

“आता टाका चौथा,” त्या म्हणाल्या. “मोकळं आहे सगळं.”